विलंबित ऐकताना सम कशी पकडायची

दिवसभर बातम्या चाळून डोकं भणभणलं असेल, तर विलंबित ख्यालासारखा, म्हणजे संथ लयीतल्या शास्त्रीय गायनासारखा, उतारा नाही. तरी पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो, कारण कान फक्त गायकाकडे असतो. तो तबल्याकडे वळवा आणि सम, म्हणजे तालाची फेरी जिथून सुरू होते ती पहिली मात्रा, पकडा.

विलंबित एकताल हा ताल १२ मात्रांचा, म्हणजे १२ ठोक्यांचा. अतिविलंबितात एक मात्रा चार सेकंदांची धरली, तर आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, ४८ सेकंदांचं. एवढं बोटांवर मोजताना चुकायला होतंच. त्यापेक्षा 'तिरकिट' हा तबल्याचा बोल हेरा. ते दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर, आणि घोळ नेमका तिथेच होतो. चौथीनंतर 'तू ना' येतं. दहावीनंतर 'धिं ना', की लगेच सम. मुखडाही, म्हणजे बंदिशीची (गायल्या जाणाऱ्या रचनेची) सुरुवातीची ओळ, बहुधा याच सुमारास उचलला जातो.

'धिं'मध्ये डग्गा (तबल्याच्या जोडीतला मोठा, खर्जाचा भाग) वाजतो, 'तू'मध्ये नाही. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर डग्ग्याचा घुमार जवळपास नाहीसा होतो, मग दोन्ही तिरकिट सारखीच वाटतात. हेडफोन लावा.

बंदिशीत देवाचं नाव असेल तर भाविकाला जप केल्यासारखंही वाटेल. नसलं तरी काही बिघडत नाही. बातम्यांची नोटिफिकेशन्स मात्र आधी बंद करा. समेच्या तोंडावर फोन वाजला, की पुढच्या आवर्तनापर्यंत थांबणं आलं.