वेळात वेळ

“एवढं सगळं करून लिहायला वेळ कधी मिळतो गं तुला?”

हा प्रश्न मला वर्षाकाठी चार लग्नांत आणि एका मंगळागौरीत हमखास विचारला जातो. आवाजात कौतुक असतं, पण त्याला ‘घरी फारसं काम दिसत नाही’ अशी बारीक जरीची किनारही असते. मी ‘वेळात वेळ काढते’ म्हणते आणि जिलबीच्या दिशेने सरकते.

वेळ मिळतो तेव्हा मराठीत तो ‘तो’ असतो आणि येते तेव्हा ‘ती’ असते. हा ‘तो’ मला क्वचितच भेटतो. ‘ती’ मात्र रोज दारात उभी. दुधाची वेळ, डब्याची वेळ, गाडीची वेळ, सासूबाईंच्या गोळीची वेळ.

मी झाडांवर लिहिते. निव्वळ हौस. रस्त्याकडेची, रुळांकडेची, सोसायटीच्या भिंतीला टेकलेली झाडं. कुणी नाव विचारलं की ‘कसलं तरी जंगली आहे’ म्हणून उडवून लावतात ती. पोटासाठी एका लहानशा कंपनीत हिशेब बघते. तिथला महिना चंद्रावर नाही, तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, भरायचा, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१ हे विवरणपत्र, २० ला त्याचंच ३बी. त्यातून उरतात ते दिवस बिलं शोधण्यात जातात. आणि ह्या सगळ्याचा कळस म्हणजे ३१ मार्च.

झाडांना आर्थिक वर्ष कळत नाही. सावर, पळस, पांगारा ही सगळी मंडळी नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडून टाकतात आणि लालभडक होऊन उभी राहतात. त्याच दिवसांत मी ट्यूबलाइटखाली बसून साडेतीनशे रुपयांचा फरक शोधत असते. एका वर्षी पळसावरचा लेख असाच लांबला. तो पुरा झाला तेव्हा झाडाला चपट्या शेंगा लोंबत होत्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. माझ्या घोड्याने तर वरात घरी पोचून पंगत उठल्यावर मांडवात पाऊल टाकलं.

तेव्हा ठरवलं, बहाव्याच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही. मे महिन्यात चक्क एक दिवस रजा टाकली. लिहिण्यासाठी रजा! ऑफिसात ‘घरगुती काम’ असं सांगितलं आणि तेच भोवलं.

सकाळी वही उघडली. सासूबाई म्हणाल्या, “घरी आहेसच तर गच्चीत पापड्या घालून टाकू या का? ऊन छान आहे.” पापड्या घातल्या. नवरा जाताना म्हणाला, “घरी आहेसच तर फ्रिजवाल्याला आज बोलावतो.” फ्रिजवाला दहा ते पाच ह्या वेळात कधीही येणार होता, त्यामुळे दहा ते पाच मी दाराच्या बेलकडे कान लावून बसले. मधे दोनदा गच्चीत जाऊन कावळे हाकलले. मुलाला मी दुपारी घरात दिसले ह्याचाच आनंद इतका झाला की त्याने भज्यांची फर्माईश केली. पण खरं सांगायचं तर ह्या कुणाचाच दोष नव्हता. दुपारी एक ते तीन घर गाढ झोपलेलं होतं. मी एकटी, वही, पेन, पंखा. त्या दोन तासांत मी कपाटाचा एक खण आवरला, जुनी पत्रं वाचली आणि वहीत एक वाक्य लिहिलं: ‘बहाव्याची फुलं पिवळी असतात.’

फ्रिजवाला दुसऱ्या दिवशी आला.

त्यानंतर ऑफिसातल्या एका पोराने मला टोमॅटोची गोष्ट सांगितली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना, म्हणून त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेतलं. २५ मिनिटं काम, मग पाच मिनिटं सुट्टी, पुन्हा २५. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नावही पोमोदोरो. पोरगं मोठ्या उत्साहाने सांगत होतं. मला मात्र संगमेश्वरकडचं मामेबहिणीचं लग्न आठवलं.

त्या लग्नात गुरुजींनी घटिकापात्र ठेवलं होतं. पाण्याने भरलेलं तांब्याचं घंगाळ, त्यात तरंगणारी एक वाटी, वाटीच्या तळाला सुईच्या अग्राएवढं भोक. बायका अंतरपाटाच्या गडबडीत होत्या, मी पोरांबरोबर घंगाळाशी बसले होते. वाटीत आधी नुसता एक चकचकीत थेंब दिसला. मग तळ ओला झाला. बराच वेळ काहीच घडत नाहीसं वाटत होतं. पाणी काठापासून बोटभर खाली आलं तशी वाटी जरा एका अंगाला कलली, आणि ‘आता बुडणार’ असं म्हणेपर्यंत बुडुक आवाज करून तळाशी गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी हात घालून ती काढली, पालथी करून झटकली आणि पुन्हा पाण्यावर ठेवली.

ती एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. दिवसाच्या अशा साठ. इटलीच्या टोमॅटोत आणि आमच्या घंगाळात फरक फक्त एका मिनिटाचा! मी हे त्या पोराला सांगितलं, तर तो म्हणाला, “मॅडम, ह्याचं अ‍ॅप आहे का?”

अ‍ॅप असेल-नसेल, मी ऑफिसला जायची लोकल बदलली. पूर्वी फास्टने जायची. डोंबिवलीहून चढायचं म्हणजे एका पायावर उभं राहण्याची जागा मिळाली तरी नशीब. आता मी डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो धरते. वेळ जास्त लागतो, पण खिडकी मिळते. सव्वा तासाचा प्रवास, म्हणजे तीन घटिका आणि वर तीन मिनिटं. मैत्रिणींना वाटतं मला वेड लागलंय; वेळ नाही म्हणणारी बाई मुद्दाम धीम्या गाडीत बसते. पण दिवसभरात ‘घरी आहेसच तर’ असं मला कुणी म्हणू शकत नाही, अशी तेवढी एकच जागा आहे.

पहिली घटिका मुंब्र्याचा डोंगर आणि खाडी बघण्यात जाते, ती लिहिण्यात धरत नाही. दुसरीत फोनवर टायपिंग. बोलूनही लिहून पाहिलं, पण फोनने ‘पांगारा’चं दर वेळी ‘पगार’ केलं. ‘फेब्रुवारीत पगार लाल होतो’ हे वाक्य हिशेबनीसाच्या फोनला शोभलं, तरी लेखात चालण्यासारखं नव्हतं. शिवाय शेजारची वळून बघायला लागली. तेव्हापासून अंगठ्यानेच. तिसऱ्या घटिकेत बहुधा झोप लागते. म्हणजे हिशेबाने हातात उरली एक. तेवढ्यात चार-पाच वाक्यं होतात. त्यातली दोन दुसऱ्या दिवशी खोडते.

यंदाचा पांगारा असाच मार्चभर चालला होता. परवा संध्याकाळी परतताना शेजारी एक काकू बसल्या होत्या. मांडीवर वर्तमानपत्र पसरून गवार मोडत होत्या. शिरा एका बाजूला, शेंगा पिशवीत. ठाणं गेल्यावर म्हणाल्या, “केव्हाची बघतेय, काय लिहिता एवढं?”

म्हटलं, झाडाबद्दल.

“आमच्या खिडकीसमोर आहे बाई एक. पान नाही एकसुद्धा, नुसती लाल फुलं. खोडाला काटे. सकाळी साळुंक्या आणि कावळे काय गोंधळ घालतात! नाव कुणाला ठाऊक नाही.”

मी फोनमधला फोटो दाखवला. “हेच, हेच!” म्हणत त्यांनी गवारीचे हात पदराला पुसून फोन हातात घेतला आणि फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. “पांगारा होय,” म्हणाल्या. कळवा आलं तसं वर्तमानपत्र शिरांसकट गुंडाळलं आणि दाराकडे निघाल्या. गर्दीतून मान मागे वळवून म्हणाल्या, “लिहा हो पटकन. रविवारी सोसायटीवाले छाटणार आहेत त्याला.”

गाडी हलली. डोंबिवलीला अजून पुरती घटिकासुद्धा नव्हती. मी अंगठा चालवायला घेतला.