वकिलांना दिलेली फी परत मागताना

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा लावण्यासाठी आम्ही एका वकिलांना ४०,००० रुपये दिले होते. चौदा महिन्यांनी न्यायालयात चौकशी केली, तेव्हा दावा दाखलच झालेला नाही हे कळले. आईला हे सांगणे मला फार जड गेले.

माझा पहिला विचार ग्राहक आयोगाचा होता. परंतु वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिल्याने ती वाट बंद झाली आहे, आणि सामान्य पक्षकाराची त्यात मोठी अडचण झाली, असे मला मनापासून वाटते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते. तिथे ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द होणे अशी शिक्षा होऊ शकते, मात्र पैशांच्या वसुलीसाठी दिवाणी दावाच लावावा लागतो.

आम्ही आधी मूळ कागदपत्रे मागितली. फी थकली तरी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले आहे. नंतर पावत्या आणि संदेश जोडून लेखी नोटीस पाठवली. दीड महिन्याने ३०,००० रुपये खात्यात जमा झाले. उरलेल्या रकमेची मागणी आम्ही सोडलेली नाही.