पूर काय आपल्याकडे कमी आहेत?

सांगलीत गावभागात आमच्या समोर राहणाऱ्या काकांनी हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो 2022 च्या ऑगस्टमध्ये, मी पेढे द्यायला गेले तेव्हा. "पुराचं शिकायला युरोपात कशाला जायचं गं? पूर काय आपल्याकडे कमी आहेत?" पुढे तोच प्रश्न आत्यानं विचारला, कॉलेजातल्या सरांनी विचारला. मी पाठवलेले फोटो बघून मैत्रिणी विचारायला लागल्या, "तू शिकायला गेलीस की फिरायला? आणि सगळीकडे भिंतींचेच फोटो काय काढतेस?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते. ही सगळी एकाच प्रश्नाची रूपं आहेत.

2019 च्या ऑगस्टमध्ये मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होते. सांगलीकराला पावसाळ्यात एकच आकडा लागतो: आयर्विनला किती? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांना आलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आम्ही 2005 चा पूर पाहिलेली माणसं, त्यामुळे त्या पाण्याचा अंदाज धरून सामान वर चढवलं होतं. गव्हाची पोती माळ्यावर, फ्रिज टेबलावर. पाण्यानं टेबलासकट फ्रिज उचलला. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली अंधारात भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज रात्रभर. बोट आली ती चौथ्या दिवशी. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटल्याची बातमी आली आणि आई बोटीत बसायला तयार होईना. आजीला आधी उतरवलं, मग तिला.

पाणी ओसरल्यावर मला एकच गोष्ट खटकत राहिली. सगळे म्हणत होते, "एवढं येईल असं वाटलं नव्हतं." का वाटलं नव्हतं? याचं उत्तर शोधायला मी गेले.

अभ्यासक्रम एरास्मस मुंडस प्रकारातला होता. म्हणजे पदवी एक, पण सत्रं वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांत. माझा विषय पूरजोखीम व्यवस्थापन: पहिलं सत्र जर्मनीत ड्रेस्डेनला, दुसरं नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला, तिसरं बार्सिलोना आणि ल्युब्लियानात. शिष्यवृत्तीत फी माफ आणि महिन्याला 1,400 युरो. ड्रेस्डेनला वसतिगृहाची खोली तीनशेच्या आसपास मिळाली, डेल्फ्टला त्याच्या दुप्पट पडले. बाबांनी कर्ज काढलेलं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण पैशांच्या भीतीनं अर्जच न करणाऱ्या हुशार मुली मी आमच्याच वर्गात पाहिल्यात. अर्ज आपला आपण करायचा असतो, बहुतेक हिवाळ्यात, आणि त्यासाठी एजंटाला पैसे द्यायची काही गरज नसते.

ड्रेस्डेनच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला मुख्य रेल्वे स्थानकात नेलं. मला वाटलं, तिकीट कसं काढायचं ते दाखवणार. प्राध्यापकांनी फलाटाजवळ उभं राहून वायसरित्स नावाच्या एका छोट्या नदीची गोष्ट सांगितली. शहर वाढलं, रेल्वेला जागा हवी झाली, म्हणून 1893 मध्ये या नदीला तिच्या पात्रातून उचलून दुसरीकडे वळवलं. शंभरावर वर्षं ती मुकाट नव्या वाटेनं गेली. ऑगस्ट 2002 मध्ये डोंगरात पाऊस कोसळला आणि नदी जुन्या वाटेनं परत आली, थेट या स्थानकातून. त्यानंतर काही दिवसांनी मोठी नदी, एल्ब, चढली. 17 ऑगस्टला तिची पातळी 9 मीटर 40 सेंटिमीटर होती. एरवी ती दोन मीटरच्या आसपास असते.

मला सांगलीतलं शामरावनगर आठवलं. आपल्याकडे ज्याला ओत म्हणतात, पाण्याचा नैसर्गिक उतार, तो बुजवून बांधलेल्या गल्ल्या आठवल्या. पाणी जुनी वाट विसरत नाही, हे आजी म्हणायचीच. इथे त्याला सालं आणि नकाशे जोडलेले होते.

तिथून भिंतींचं वेड लागलं. विद्यार्थ्यांच्या सेमिस्टर तिकिटावर एस-बान, म्हणजे लोकल, चालायची. ती गाडी एल्बच्या काठाकाठानं जाते, एका बाजूला माइसेन, दुसऱ्या बाजूला पिर्ना आणि पुढे चेक सीमेपर्यंत. मी शनिवारी डब्यात भाकरीऐवजी ब्रेड आणि लसणीची चटणी घेऊन निघायची. पिर्नात जुन्या घरांच्या भिंतींवर रेघा कोरलेल्या आहेत, प्रत्येक रेघेशेजारी साल. 1845 ची रेघ, 2002 ची तिच्या वर, आणि 2013 चीही. ड्रेस्डेनला 1845 मध्ये पाणी 8 मीटर 77 सेंटिमीटरला गेलं होतं, हे मी पुस्तकातही वाचलं. पण बेकरीच्या दाराशेजारी, पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावर ती रेघ दिसते, तेव्हा आकड्याला उंची येते. त्या बाईला ती रोज दिसते. तिच्या मुलाला शाळेत जाताना दिसते. "एवढं येईल असं वाटलं नव्हतं," असं तिथे कोणी कसं म्हणेल?

ऑक्टोबरात एकटीच सीमेपलीकडे द्येचीनला गेले. तिथे एल्बच्या काठाला एक मोठा दगड आहे, त्याला भुकेचा दगड म्हणतात. नदी आटली की तो उघडा पडतो. त्यावर दुष्काळाची सालं कोरली आहेत, वाचता येणारं सगळ्यात जुनं 1616. आणि जर्मनमध्ये एक ओळ: मला पाहाल तेव्हा रडा. तो उन्हाळा युरोपभर कोरडा गेला होता. मी दगडासमोर इतका वेळ बसले की सीमेपर्यंतची माझी गाडी गेली. फोनची बॅटरी संपलेली, चेक भाषा येत नाही, खिशात चेक पैसा नाही. स्थानकावर एका म्हाताऱ्या जोडप्याला मी कागदावर "ड्रेस्डेन" लिहून दाखवलं. आजोबांनी मला हाताला धरून प्राग-ड्रेस्डेन एक्स्प्रेसच्या फलाटावर नेलं आणि गार्डशी बोलून गाडीतच युरोत तिकीट मिळेल याची खात्री करूनच ते मागे फिरले. त्यांची स्वतःची गाडी चुकली असणार. मला त्यांचं नावही विचारता आलं नाही.

डेल्फ्टला मी मार्च 2023 मध्ये पोचले तर गावात निवडणुकीच्या पाट्या. घरमालकीणबाईंना विचारलं, कसली निवडणूक? "पाण्याची," त्या म्हणाल्या. तिथे बांध, कालवे, पाण्याची पातळी सांभाळायला वेगळी मंडळं असतात. त्यांचा स्वतःचा कर असतो आणि त्यांच्या सभासदांना लोक मत देऊन निवडतात. डेल्फ्टच्या भागातलं मंडळ 1289 पासूनचं आहे. आपल्याकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते, तेव्हापासूनचं. बाई मत देऊन आल्या आणि मला कर भरल्याची पावती दाखवत म्हणाल्या, "हे पैसे कुठे जातात ते विचारायचा मला हक्क आहे." मी मनात कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दलच्या आमच्या चर्चा आठवत होते. दर पावसाळ्यात चहाच्या टपरीवर आपण सगळे धरणतज्ज्ञ होतो, दिवाळीपर्यंत सगळं शांत. रागही आपला खरा असतो, भीतीही खरी असते. पण ती सोपवायला जागा नसते.

नायमेखनला वर्गाची सहल गेली. तिथे वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे सरकवला आहे, नदीला जागा मिळावी म्हणून. त्यासाठी पन्नासेक घरं हलवावी लागली. 1995 मध्ये पुराच्या भीतीनं त्या देशात अडीच लाख माणसांना घरं सोडावी लागली होती, त्यानंतर त्यांनी ठरवलं की बांध नुसते उंच करत जायचे नाहीत. ज्यांची घरं गेली, ते खूष होते असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणी झाली. आपल्याकडे पूर कुठवर येतो ते दाखवणारी निळी रेषा आणि लाल रेषा कागदावर आहेत. तुमचं घर कोणत्या रेषेत आहे, हे घर घेताना तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?

पण डेल्फ्टच्या दिवसांतलं मला सगळ्यात जवळचं आहे ते आउवरकेर्क. दक्षिणेला झेलंड प्रांतात समुद्राजवळचं एक लहानसं गाव. 31 जानेवारी ते 1 फेब्रुवारी 1953 च्या रात्री मोठी भरती आणि वायव्येचं वादळ एकत्र आलं, बांध फुटले आणि नेदरलँड्समध्ये 1,836 माणसं बुडाली. आउवरकेर्कचं शेवटचं भगदाड बुजवायला नोव्हेंबर उजाडला. चार अजस्र काँक्रीटच्या पेट्या बुडवून ते बुजवलं. त्या पेट्यांच्या पोटातच आज संग्रहालय आहे.

रविवारी रॉटरडॅमहून बस पकडून निघाले आणि चुकीच्या थांब्यावर उतरले. पुढची बस तासाभरानं. बांधावरून चालत निघाले तर असा वारा की छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी होऊन मोडली. एका बाजूला समुद्राची खाडी, दुसऱ्या बाजूला तिच्याहून खालच्या पातळीवर शेतं आणि शांत चरणाऱ्या मेंढ्या. भिजून पोचले तेव्हा दारात बसलेल्या आजींनी आधी टॉवेल दिला, मग तिकीट. त्या तिथे स्वयंसेवक होत्या. 1953 मध्ये त्या सात वर्षांच्या होत्या, धाकट्या भावासकट छपरावर दोन रात्री काढलेल्या. तिथे बुडालेल्या माणसांची नावं आहेत, एकेकाचं. त्यांनी मला त्यांच्या मावशीचं नाव दाखवलं. मग विचारलं, "तुमच्याकडे पाणी किती दिवस होतं?"

मी म्हटलं, आठवडाभर.

"आणि तुमच्याकडे हे कुठे लिहून ठेवलंय?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या घराच्या भिंतीवर चिखलाची रेघ होती, खांद्याच्या वर. त्या वर्षी दिवाळीच्या आधी बाबांनी रंग काढून घेतला. आईला ती रेघ रोज बघवत नव्हती, आणि मी तिला दोष देणार नाही.

बार्सिलोनाबद्दल थोडंच सांगते. पूर शिकायला गेलेल्या आम्हाला तिथे दुष्काळ भेटला. साऊ जलाशय इतका खाली गेला होता की बुडालेल्या गावाच्या चर्चचा मनोरा पूर्ण उघडा पडला होता. उजनी आटल्यावर पळसदेवचं देऊळ वर येतं, तसा. ल्युब्लियानात पोचलो तेव्हा ऑगस्ट 2023 चा स्लोव्हेनियातला मोठा पूर होऊन काही महिनेच झाले होते. साविन्या नदीच्या खोऱ्यात घरांवर रेघा अजून ओल्या वाटाव्यात इतक्या ताज्या. तिथले विद्यार्थी मोजपट्टी घेऊन त्या रेघा पुसल्या जायच्या आत नोंदवत फिरत होते. मीही दोन दिवस त्यांच्याबरोबर फिरले. थंडीत हाताची बोटं वाकेनात.

रेघा का नोंदवायच्या ते सांगायला हवं, कारण काकांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. आम्ही संगणकावर पुराचं मॉडेल करतो. नदीचे छेद, जमिनीचा उतार, पात्राचा खडबडीतपणा घालायचा आणि पाणी सोडायचं. पाणी कुठेही दाखवता येतं, पडद्यावर निळा रंग छान पसरतो. प्रबंधाला मी कृष्णा घेतली. पहिल्यांदा मॉडेल दाखवलं तेव्हा माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकच विचारलं: "हे खरं आहे हे कशावरून?" माझ्याकडे आयर्विनची पातळी होती, एका जागेची. पण तिथून मारुती रोडला पाणी किती चढलं, हरिपूरच्या बाजूला किती, शेरीनाल्यातून आत किती शिरलं, हे तपासायला घराघरांतल्या रेघा लागतात. रेघा नसतील तर मॉडेल म्हणजे नुसतं चित्र. आणि चित्रावरून लोकांना "घर सोडा" म्हणून सांगता येत नाही.

म्हणून एप्रिल 2024 मध्ये मी सांगलीला आले. जुन्या सरांकडून डंपी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, आणि स्टाफ, म्हणजे तिच्यासोबतची आकडे लिहिलेली उंच पट्टी, मागून घेतला, एका धाकट्या भावाला स्टाफ धरायला उभं केलं आणि घरोघर गेले. ऊन रणरणतं. लोकांनी ताक दिलं, भडंग दिलं आणि जवळजवळ सगळ्यांनी तेच सांगितलं: रंग दिला बाई, आता कुठली रेघ. कुणी विजेच्या मीटरचा जुना फोटो काढून दिला, ज्यात मीटर अर्धा चिखलात होता. एका सराफानं तिजोरीच्या कुलपाखालचा गंज दाखवला, तो मी मोजला. एका आजींनी देवघराच्या कोनाड्याकडे बोट दाखवलं, "बाळकृष्णाचे पाय भिजले, तेवढंच."

सगळ्यात शेवटी समोरच्या काकांकडे गेले. त्यांनी दार उघडलं आणि हसत तोच प्रश्न विचारला. मी त्यांना पिर्नाचा फोटो दाखवला, बेकरीच्या दाराशेजारच्या रेघांचा. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग आतल्या खोलीत गेले आणि मला हाक मारली, "जरा हात लाव गं." आम्ही दोघांनी त्यांच्या आईच्या वेळचं शिसवी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं.

कपाटामागं रंग दिलेला नव्हता. जुन्या चुन्यावर शिसपेन्सिलीनं ओढलेल्या तीन आडव्या रेघा. खालची माझ्या गुडघ्याला, तिच्याशेजारी काकांच्या आईच्या अक्षरात 2005 आणि तारीख. त्याच्या वर दीडेक फुटांवर काकांच्या अक्षरात 2021. आणि त्या दोन्हींच्या बऱ्याच वर, माझ्या गळ्याशी, 2019.

"आई सांगून गेली होती, लिहीत जा म्हणून," काका म्हणाले. "कुणाला दाखवायचं असतं हे माहीत नव्हतं."

भावानं स्टाफ आत आणला. काकांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः धरला, अगदी सरळ.