अमेरिकेत गाडी चालवणाऱ्या बेळगावकरांसाठी: उजवी बाजू सोपी, स्टॉप अवघड

मुलाकडं, मुलीकडं अमेरिकेला निघालेल्यांना धास्ती असते ती उजवीकडून गाडी चालवायची. ते चार-सहा तासांत अंगवळणी पडतं. चालक रस्त्याच्या मधल्या रेघेकडं बसलेला असला की गाडी बरोबर बाजूला आहे, एवढं ध्यानात ठेवा. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा डावीकडं वळल्यावर. इंडिकेटर डाव्या हाताला असतो, त्यामुळे सुरुवातीला वळताना वायपर फिरणारच!

खरी अडचण स्टॉपच्या लाल अष्टकोनी पाटीची. बेळगावात आरपीडी क्रॉसच्या चौकात आपण वेग कमी करून, अंदाज घेत गाडी पुढं काढतो. तिथं चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, तीही पांढऱ्या रेघेच्या अलीकडं, रस्ता मोकळा दिसत असला तरी. रेघेवरून आडवा रस्ता दिसत नसेल तर आधी थांबा, मग हळू पुढं सरकून पुन्हा बघा. चारही बाजूंना स्टॉप असेल तर आधी आला तो आधी जातो. दोघं एकदमच आले तर उजवीकडच्याला जाऊ द्यायचं. मोठी गाडी, डिप्पर, हॉर्न यांचा तिथं काही उपयोग नाही.

लाल सिग्नलला उजवीकडं वळता येतं, पण आधी पूर्ण थांबून आणि चालणाऱ्यांना वाट देऊन. 'नो टर्न ऑन रेड' अशी पाटी असेल तर नाही. न्यूयॉर्क शहरात उलटं आहे: परवानगीची पाटी नसेल तर वळायचंच नाही.

पिवळ्या स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकायला लागले की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. दिवे बंद होईपर्यंत हलायचं नाही. यात दंड जबर असतो, आणि असावाच.

कागदांचं काम इथूनच उरका. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून, फॉर्म 4ए भरून मिळतो. शुल्क 1000 रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्स सोबत हवंच, त्याशिवाय हा परवाना नुसता कागद. राज्याराज्याचे नियम वेगळे असतात, तेव्हा जिथं राहणार तिथले बघून घ्या. भाड्याच्या गाडीत चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात लागतं. विमा घेताना समोरच्याच्या नुकसानीची भरपाई किती, ते विचारा. क्रेडिट कार्डाचं संरक्षण बहुधा भाड्याच्या गाडीपुरतंच असतं.

पोलिसांची गाडी दिवे लावून मागं आली तर इंडिकेटर देऊन उजवीकडं थांबा, इंजिन बंद करा, काच खाली घ्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. इथल्यासारखं कागद घेऊन खाली उतरू नका. त्यांना तो धोका वाटतो. डॅशबोर्डचा कप्पाही सांगितल्यावरच उघडा. आणि 'साहेब, इथंच काय ते मिटवू' हे चुकूनही नको. तिकडं तो लाच देण्याचा गुन्हा ठरतो.