गच्चीवरचं बेट : आमच्या नर्सरीची वाटचाल

उरुळी कांचनजवळ आमची अर्ध्या एकराची नर्सरी. 2012 साली सुरू केली तेव्हा गुलाब, शेवंती, क्रोटन ठेवायचो. शेजारच्या दहा नर्सऱ्यांतही तेच. सोलापूर रस्त्यावर गिऱ्हाईक गाडीला सावली दिसेल त्या फाटकात वळतं. आमच्या फाटकाशी झाडच नव्हतं.

बांबूकडे वळलो ते एका फजितीमुळे. बाणेरला नवव्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला आडोसा हवा होता. समोर टॉवर उठला होता, त्यांच्या ताटातली भाजी समोरच्यांना ओळखता यायची. आम्ही पिवळ्या बांबूची, म्हणजे हिरव्या रेघांच्या बाम्बुसा व्हल्गॅरिसची, आठ-आठ फुटी बारा रोपं 14 इंची गोल कुंड्यांत लावून दिली. जानेवारीत दृष्ट लागावी असं दिसलं. एप्रिलमध्ये पानं सुरळीसारखी वळली. मेमधल्या वळवाच्या वाऱ्यात चार कुंड्या आडव्या झाल्या. आतल्या बाजूला पडल्या म्हणून आज हे लिहितोय.

सगळा माल परत आणला, पैसे दिले आणि एक कुंडी कोयत्याने फोडून पाहिली. माती जवळजवळ उरलीच नव्हती. काथ्याच्या पायपुसण्यासारखा मुळांचा गठ्ठा, तोही आत ठणठणीत कोरडा. रोज घातलेलं पाणी कुंडीच्या कडेकडेने उतरून भोकातून निघून जात होतं. बाई बिचाऱ्या दोन वेळा पाणी घालत होत्या, आणि आम्ही फोनवर त्यांनाच ऐकवत होतो की पाणी कमी पडतंय.

त्यानंतर जात बदलली आणि भांडंही. आता बहुतेक ठिकाणी बाम्बुसा मल्टिप्लेक्स देतो. काठी बारीक, पाला बुडापासून, आणि कंद जागेवरच बेट धरतो, लांब पळत नाही. परदेशी बागांतल्या काळ्या बांबूचे फोटो दाखवणारे येतात. तो थंड मुलखातला आणि पळणारा, त्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो. भांडं म्हणून तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल ट्रफ. त्यात सुमारे 190 लिटर मिश्रण बसतं. नुसत्या लाल मातीने भरून भिजवला तर वजन 300 किलोच्या आसपास जातं, म्हणून कोकोपीट आणि शेणखत जास्त घालतो. तरीही स्लॅबबद्दल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ट्रफ वर चढवत नाही. मागे आडवा पाइप टाकून काठ्या त्याला बांधतो.

गिऱ्हाइकाचा नेहमीचा प्रश्न, "काठी जाड कधी होणार?" होत नाही. कोंब जमिनीतून जेवढा जाड निघतो तेवढाच राहतो, फक्त उंच होतो, तेही पावसाळ्यातल्या दोन-तीन महिन्यांत. हे आधी सांगितलं की काही सौदे मोडतात. मोडू देत.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांची अडचण वेगळी. "तिरडीचं सामान दारात?" कोथरूडच्या एका आजींनी तर ट्रफ लिफ्टपाशीच अडवला. माझी बायको त्यांना म्हणाली, "आजी, गुढीची काठी कशाची असते? आणि तुमच्या स्वयंपाकघरातलं सूप?" आजी हसल्या नाहीत, पण वाट सोडली.

आज निम्मं उत्पन्न देखभालीचं आहे. दर दोन-तीन वर्षांनी जूनमध्ये दोन माणसं पहार आणि करवत घेऊन जातात, बेट उपसून अर्धं करतात, नव्या मिश्रणात परत बसवतात. काढलेलं अर्धं गिऱ्हाइकाचंच. त्याला नको असेल तर आम्ही विकत घेतो. पानगळीची तक्रार मात्र सुटलेली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला पाला झडतो, तो खालच्या बाल्कनीत जातो आणि फोन आम्हाला येतो.

मे महिन्यात महिनाभर गावी जाणारे आणि ठिबक नको म्हणणारे, अशांना बांबू देत नाही. जाळीवर मधुमालती चढवा म्हणतो. मधुमालतीचं रोप स्वस्त, त्यात सुटतं काय, म्हणून मुलगा कुरकुरतो.