धंदा माझा, मग गिऱ्हाईक माझ्या मर्जीचं का नको?

राज्यघटनेवर कुठेही बोलले की हा प्रश्न हमखास येतो. जागा माझी, भांडवल माझं, तोटा झाला तर तोही माझाच. मग व्यवहार कुणाशी करायचा हे कायद्यानं का ठरवावं? विचारणाऱ्याला स्वातंत्र्याची खरीच काळजी असते, म्हणून हा प्रश्न झटकून टाकावासा मला वाटत नाही.

आपले बरेचसे मूलभूत हक्क सरकारला बांधतात. कलम १५(२) मात्र खासगी माणसालाही बांधतं: दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथे केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान बघून कुणाला अडवता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी याची व्याप्ती स्पष्ट केली. येईल त्याला सेवा द्यायला मालक जिथे तयार असतो, अशी प्रत्येक जागा यात येते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दार सगळ्यांसाठी मालकानंच उघडलेलं असतं. कायदा त्याला एवढंच सांगतो, की उघडलेलं दार जात बघून लावून घेऊ नकोस. पैसे न देणाऱ्याला, धिंगाणा घालणाऱ्याला तो आजही बाहेर काढू शकतो.

अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, तेव्हा अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलचा मालक कोर्टात गेला. कृष्णवर्णीयांना खोली द्यायला लावणं म्हणजे माझ्यावर लादलेली वेठबिगारी आहे, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्यानं आधार घेतला तेराव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे ज्या दुरुस्तीनं गुलामगिरी संपवली तिचाच! सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी एकमतानं त्याचं म्हणणं फेटाळलं. त्या काळात कृष्णवर्णीय प्रवासी कुठे मुक्काम मिळेल, कुठे जेवायला मिळेल याची छापील यादी घेऊन घराबाहेर पडत. स्वातंत्र्याचा हिशोब मांडताना ही यादी बाजूला ठेवली, तर तो हिशोब एकट्या मालकाचा उरतो.

भेदभाव करणारा गिऱ्हाईक गमावतो, बाजारच त्याला शिक्षा देईल, असंही मला सांगतात. एकटाच दुकानदार तसा वागत असेल तर देईलही. पण बाकीची गिऱ्हाइकंच 'त्यांना आत घेऊ नका' म्हणत असतील, तर बाजार भेदभावालाच बक्षीस देतो. आणि चांगल्या मनाच्या दुकानदाराला शिक्षा. कायदा सगळ्यांना सारखा लागू झाला, की त्याची त्यातून सुटका होते.

तरीही स्वातंत्र्याची बाजू पोकळ नाही. अमेरिकेच्या त्याच कायद्यानं मालक स्वतः राहतो अशा, भाड्याच्या पाचपर्यंत खोल्या असलेल्या घराला सूट दिली. ती मला योग्य वाटते, कारण तिथे व्यवहार घरात शिरलेला असतो. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बेलफास्टच्या एका बेकरीचं प्रकरण आलं. समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा मजकूर केकवर लिहायला बेकरीनं नकार दिला होता. नकार मजकुराला आहे, माणसाला नाही, म्हणून न्यायालयानं बेकरीची बाजू घेतली. मला हा निकाल पटतो. जे मी मानत नाही ते माझ्या हातानं लिहायला लावणं वेगळं, आणि सगळ्यांना विकतो तोच केक एखाद्याला तो कोण आहे हे बघून नाकारणं वेगळं.

आपल्याकडे खरी अडचण आहे ती घरांची. कलम १५(२) मध्ये राहत्या घरांचा उल्लेख नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा 'सभासद पारशीच हवा' हा नियम संघटनेच्या स्वातंत्र्याखाली ग्राह्य धरला. एका छोट्या समाजानं एकत्र राहावं, हे मी समजू शकते. पण तोच नियम वस्तीतल्या प्रत्येक सोसायटीनं केला तर? आडनाव विचारून 'खोली गेली' म्हणणाऱ्या घरमालकाला छोट्या समाजाची ही सबब लागू होत नाही. तो राहत नसलेली, जाहिरात देऊन भाड्यानं काढलेली जागा म्हणजे धंदाच आहे, आणि तिला दुकानाचाच नियम लावणारा कायदा संसदेनं करायला हवा.