तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिनिअर नसताना टेक्नॉलॉजीवर कशाला लिहिता?

"तुम्ही एमए मराठी ना? मग फाइव्ह-जी, एआय यातलं तुम्हाला काय कळतं?" कार्यक्रम संपला, चहा हातात आला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे काका बहुधा निवृत्त इंजिनिअर असतात. पूर्वी मी सारवासारव करायचे. हल्ली बीबीसीचे तंत्रज्ञानाचे बातमीदार होते त्या रोरी केलन-जोन्स यांच्याबद्दल सांगते.

हा माणूस केंब्रिजला शिकला परकीय भाषा. १९८१ मध्ये बीबीसीच्या लीड्स केंद्रात रिसर्चर म्हणून लागला आणि पुढे बरीच वर्षं उद्योगधंद्यांच्या बातम्या देत राहिला. डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा, फुगा फुटला तेव्हा त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. तंत्रज्ञानाचं खातं त्यांच्याकडे आलं ते २००७ मध्ये, म्हणजे वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. त्याच जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्सनी आयफोन दाखवला, तिथे हे हजर. फोन हाती लागल्यावर स्वारी इतकी खूश झाली की ही बातमी की जाहिरात, अशी टीका ओढवली. मला यात गैर वाटत नाही. नवीन वस्तू बघून ज्याला हरखायलाच होत नाही, त्याने या विषयावर लिहू नये.

पण मी सांगते तो किस्सा ३० मे २०१९ चा. ब्रिटनमध्ये फाइव्ह-जी सुरू होण्याचा दिवस. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधून बीबीसीचं फाइव्ह-जीवरचं पहिलं थेट प्रक्षेपण ते करणार होते. सगळी जय्यत तयारी, आणि ऐन वेळी सिमकार्डातला डेटाच संपला! रिचार्ज संपल्यावर आपली जी धांदल उडते तीच साक्षात बीबीसीची उडाली. प्रक्षेपण थोडं उशिरा का होईना, झालं. ते पाहणाऱ्या काहींच्या लक्षात मात्र वेगळंच आलं: रोरींचा हात थरथरत होता.

त्यांनी लपवाछपवी केली नाही. नुकतंच पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालंय, उपचार चालू आहेत, काम थांबवणार नाही, असं त्यांनी त्याच दिवशी ट्विटरवर लिहून टाकलं. २०२१ मध्ये चाळीस वर्षांची नोकरी संपली. नंतर त्यांनी आरोग्यातल्या तंत्रज्ञानाचा पिच्छा पुरवला, आता पेशंटच्या खुर्चीत बसून.

मग २०२३ मध्ये आला पॉडकास्ट, 'मूव्हर्स अँड शेकर्स'. इंग्रजीत हे शब्द बड्या धेंडांसाठी वापरतात. इथे मात्र शब्दशः हलणारे आणि थरथरणारे. लंडनमधल्या नॉटिंग हिलच्या एका पबमध्ये कंपवाताचे सहा पेशंट गप्पा मारतात. त्यात एके काळी टीव्हीवर भल्याभल्या मंत्र्यांना घाम फोडणारे जेरेमी पॅक्समन आहेत, निकोलस मॉस्टिन नावाचे निवृत्त न्यायाधीश आहेत, एक विनोदी लेखकही आहेत. रडगाणं नाही, उगाच धीरोदात्तपणाही नाही. मित्रांनी एकमेकांची टर उडवावी तसं सगळं चाललेलं असतं.

जाता जाता आणखी एक. त्याच वर्षी त्यांचं एक पुस्तक आलं. त्याचा आधार ना ईमेल, ना डेटा. आईने जपून ठेवलेली, तिच्या मागे फ्लॅटमध्ये सापडलेली शेकडो पत्रं! आई बीबीसीत सेक्रेटरी, वडील तिथलेच दिग्दर्शक. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं आणि वडिलांची पहिली भेट झाली ती रोरी कॉलेजातून बाहेर पडल्यावर. आपल्या जन्माची हकीकत या तंत्रज्ञानाच्या बातमीदाराला कागदावरच वाचायला मिळाली.

तर काका, फाइव्ह-जी चालतं कसं ते तुम्ही माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं सांगाल. मला वेगळं विचारायचं असतं. माझ्या वडिलांनाही कंपवात आहे. बँकेच्या ॲपवर ते एकदा बोट टेकवतात, फोनला ते दोनदा लागतं. ओटीपीचे सहा आकडे टाकेपर्यंत वेळ संपते, पुन्हा नवा ओटीपी, पुन्हा तेच. त्या स्क्रीनची परीक्षा घेताना एखादा थरथरता हात समोर बसवला होता का?

सध्या आमच्याकडे बाबा आकडे मोठ्याने वाचतात आणि मी टाकते. त्याच मेसेजात खाली लिहिलेलं असतं, ओटीपी कोणालाही सांगू नका. तेही ते मोठ्याने वाचतात.